कमोड हलतोय? मेणाच्या आधी फ्लॅन्ज बघा

अमेरिकेत स्वतःचं घर घेतलं की हा प्रसंग बहुतेकांवर कधी ना कधी येतो. कमोडवर बसलं की तो किंचित डुगडुगतो, मग काही दिवसांनी बुडाशी ओल दिसते, नाहीतर खालच्या मजल्याच्या छतावर पिवळसर डाग उमटतो. दुकानात विचारलं की मेणाची नवी रिंग हातात देतात. ती बदलली की काही महिने बरं चालतं आणि पुन्हा पाणी येतं. दोष मेणाचा नसतो. कमोड ज्या गोल कड्याला बोल्टने आवळलेला असतो तो फ्लॅन्ज फुटलेला, गंजलेला किंवा जमिनीपासून सुटलेला असतो. मेण एकदा दाबलं गेलं की पुन्हा फुगून जागेवर येत नाही. त्यामुळे कमोड एकदा जरी कलला तरी मेण आणि चिनीमाती यांच्यात बारीक फट राहते. हलणं थांबलं नाही तर तुम्ही कितीही रिंगा बदला, गळती थांबणार नाही.

महाराष्ट्रात वाढलेल्यांच्या हा भाग सहसा पाहण्यात आलेला नसतो. आपल्याकडे कमोडचं खालचं तोंड जमिनीतल्या पाइपात किंवा रबरी कनेक्टरमध्ये बसवतात, बूड पांढऱ्या सिमेंटने जाम करतात आणि खाली काँक्रीटचा स्लॅब असतो. अमेरिकेतल्या बहुतेक घरांत वरच्या मजल्याची जमीन म्हणजे लाकडी तुळया, त्यावर प्लायवूड आणि त्यावर टाइल किंवा व्हिनाइल. फ्लॅन्ज सांडपाण्याच्या पाइपाला चिकटवलेला आणि त्या प्लायवूडला स्क्रूने जखडलेला असतो. त्याच्या खाचांतून दोन बोल्ट वर येतात, कमोड त्यांवर बसतो आणि मधली जागा मेणाची रिंग भरून काढते. इथे पांढरं सिमेंट लावून डुगडुग थांबवायला जाऊ नका. लाकूड हवेबरोबर आकसतं-फुगतं, सिमेंट तडकतं आणि आतली गळती मात्र झाकली जाते.

खरंच फ्लॅन्ज आहे का?

कमोड उचलण्याआधी बाकीचे संशयित तपासा. मराठी घरांत पहिला संशयित म्हणजे जेट स्प्रे. तो बसवण्यासाठी टाकीच्या पाण्याच्या नळीवर टी-व्हॉल्व्ह घातलेला असतो. त्यातला वॉशर दमला की थेंब नळीवरून ओघळत बुडापाशी जमतो आणि थेट फ्लॅन्जच्या गळतीसारखा दिसतो. टी-व्हॉल्व्हच्या प्रत्येक सांध्याभोवती कोरडा टिश्यू गुंडाळून तासाभराने बघा. दुसरा संशयित म्हणजे टाकी आणि कमोड जोडणारे बोल्ट. तिसरा, न्यू जर्सीसारख्या दमट उन्हाळ्यात थंड टाकीवर साठणारं दव. ते टाकीच्या पोटावर हात फिरवला की कळतं.

हे तिन्ही निर्दोष निघाले तर कमोडच्या भांड्यात, टाकीत नव्हे, खायच्या रंगाचे काही थेंब टाका आणि फ्लश करा. बुडाशी रंगीत पाणी आलं तर गळती खालच्या सीलमधून आहे. पाणी अजिबात न येता नुसता गटाराचा वास येत असेल तरी सील तुटलेलं असू शकतं. मग कमोडवर दोन्ही हात ठेवून डावी-उजवीकडे आणि मागे-पुढे हलवून बघा. हलत असेल तर बुडाच्या बोल्टवरचे नट हलक्या हाताने आवळून पाहा. नट नुसता फिरत राहतो, आवळला जात नाही, किंवा बोल्ट थोडा वर उपसून येतो, असं झालं की समजा फ्लॅन्जची खाच गेली आहे.

आणखी एक गोष्ट मनापासून सांगावीशी वाटते. घरी आई-बाबा किंवा सासू-सासरे आले की बाथरूम बादलीभर पाण्याने धुतलं जातं. तिकडची ती स्वच्छतेची रीत आहे आणि तिथे ती योग्यच आहे. पण इथल्या बाथरूमला सहसा जाळी नसते, उतारही नसतो. ते पाणी कमोडच्या बुडाखाली शिरतं, प्लायवूड कुजवतं आणि फ्लॅन्जचे स्क्रू ढिले होतात. आल्या दिवशीच ही रचना त्यांना समजावून सांगा आणि हाताशी ओला मॉप ठेवा.

कधी करायचं आणि काय आणायचं

शनिवारी सकाळी हात घाला. फ्लॅन्जचा नेमका प्रकार कमोड उचलल्याशिवाय कळत नाही, म्हणजे मधे एकदा होम डेपो किंवा लोजची फेरी होणारच. रविवारी संध्याकाळी काम अडकलं आणि घरात एकच बाथरूम असलं तर फार हाल होतात. कॉन्डोमध्ये राहत असाल तर असोसिएशनला आधी विचारा, कारण जमिनीखालचा पाइप बऱ्याचदा सामाईक असतो. पाइप कापायची वेळ येईल असं वाटलं तर टाउनशिपकडे, म्हणजे तुमच्या गावच्या प्रशासनाकडे, परमिटची चौकशी करा. नियम गावोगावी बदलतात.

आधीच आणून ठेवण्यासारखं सामान असं: मेणाची एक साधी आणि एक जाड रिंग, पितळी बोल्टची जोडी आणि दोन जास्तीचे नट-वॉशर, स्टेनलेस स्टीलचे दीड इंची स्क्रू, प्लॅस्टिकच्या पाचरी, पाण्याची नवी वेणीदार नळी, हॅकसॉचं पातं, पुट्टीची पट्टी, जुनी चादर, मजबूत कचरापिशव्या आणि रबरी हातमोजे. ओलं पाणी ओढणारा व्हॅक्यूम असेल तर काम फार सोपं होतं. मेणाची रिंग हिवाळ्यात गॅरेजमध्ये ठेवू नका. थंड मेण कडक असतं, नीट दबत नाही. आदल्या रात्रीच ती घरात आणा.

कमोड उचलणं

भिंतीजवळचा कॉक बंद करा, फ्लश करा, हँडल दाबून धरून टाकी होईल तेवढी रिकामी करा. उरलेलं पाणी स्पंजाने टिपा आणि भांड्यातलं व्हॅक्यूमने ओढा. कॉक बंद करूनही टाकीत पाणी झिरपत असेल तर घराचा मुख्य कॉक बंद करून आधी हा छोटा कॉक बदला. नळी सोडवा. बोल्टवरच्या टोप्या काढून नट सोडवा. नट गंजून बोल्टसकट फिरत असेल तर ताकद लावू नका, नट आणि चिनीमातीच्या मधून हॅकसॉचं पातं चालवून बोल्ट कापा.

दोन तुकड्यांचा साधा कमोड साधारण ३५ ते ४५ किलोचा असतो, एकसंध त्याहून जड. एकट्याने उचलायचा असेल तर टाकी आधी सोडवून वेगळी करा. भांडं किंचित हलवून मेण सोडवा, पाठ ताठ ठेवून गुडघ्यांतून उचला आणि चादरीवर आडवं ठेवा.

लगेच पाइपात जुन्या टॉवेलचा घट्ट बोळा कोंबा आणि त्याला दोरी बांधून टोक बाहेर ठेवा. गटारातल्या वायूत हायड्रोजन सल्फाइड आणि मिथेन असतात. ते घरात येऊ नयेत, आणि नट-स्क्रू पाइपात पडू नयेत, यासाठी हा बोळा. मग पट्टीने सगळं जुनं मेण खरवडा, फ्लॅन्जवरचं आणि कमोडच्या तळाचंही. जुन्या मेणाचा पातळ थर राहिला तरी नवी रिंग तिथे घट्ट बसत नाही.

१९८० पूर्वीचं घर असेल आणि जमिनीवर जुनं व्हिनाइल किंवा नऊ इंची चौकोनी टाइल असेल तर ती घासू, तोडू किंवा पॉलिश करू नका. त्यात अॅस्बेस्टॉस असू शकतं. आधी तपासून घ्या.

फ्लॅन्ज आणि जमीन, दोन्ही तपासा

आता खरं निदान. टॉर्च धरून पूर्ण गोल बघा. बोल्टच्या खाचेची कड तुटलेली आहे का? नट जरुरीपेक्षा जास्त आवळले की प्लॅस्टिकच्या फ्लॅन्जची हीच जागा आधी जाते. भोवतीची धातूची रिंग गंजून पापुद्रे सुटलेत का? फ्लॅन्जला बोटांनी धरून वर ओढा. तो उचलला जातो का, स्क्रू आहेत का? बऱ्याच घरांत बांधणाऱ्याने स्क्रू मारलेलेच नसतात. फ्लॅन्ज नुसता पाइपाच्या जोरावर उभा असतो आणि कमोडबरोबर तोही हलतो.

मग भोवतीच्या जमिनीत स्क्रू ड्रायव्हरचं टोक दाबा. चांगलं प्लायवूड त्याला दाद देत नाही. टोक सहज आत गेलं, लाकूड काळं आणि भुसभुशीत निघालं तर आधी जमीन दुरुस्त करावी लागेल. फ्लॅन्ज कितीही उत्तम असला तरी कुजक्या लाकडात स्क्रू धरत नाहीत. कुजलेला भाग दोन्ही बाजूंच्या तुळयांपर्यंत चौकोनी कापून काढा, तुळयांना आडवे आधार ठोका आणि त्याच जाडीचं नवं प्लायवूड फ्लॅन्जच्या दोन्ही बाजूंनी दोन तुकड्यांत घाला. तुळईच कुजली असेल तर सुताराला बोलवा. तिथे हौसेचं काम नको.

उंचीचं गणित

फ्लॅन्जची वरची कड तयार जमिनीच्या वर साधारण पाव इंच असावी, म्हणजे फ्लॅन्ज टाइलच्या वर बसलेला असावा, टाइलच्या पातळीत नाही. बाथरूमला नवी टाइल बसवली आणि फ्लॅन्ज जुन्याच उंचीवर राहिला तर तो खाली खड्ड्यात जातो, मेण पुरत नाही आणि गळती सुरू होते. अर्धा इंच खाली असेल तर जाड रिंग किंवा एक उंची-वाढवणारी रिंग भागते. त्याहून खाली असेल तर उंची-वाढवणाऱ्या रिंगा प्रत्येक थरात सिलिकॉन लावून एकावर एक बसवा आणि लांब स्क्रूने खालच्या लाकडापर्यंत आवळा. मेणाच्या दोन रिंगा एकावर एक ठेवायचा सल्ला सर्रास मिळतो. मला तो पटत नाही. बसवताना वरची रिंग सरकते, मधे फट पडते आणि ती कुणाला दिसतही नाही.

पूर्ण बदलायचा की दुरुस्त करायचा?

फ्लॅन्जचा नळीसारखा भाग, म्हणजे पाइपाला चिकटलेला भाग, शाबूत असेल आणि फक्त वरची कड किंवा खाच तुटली असेल तर पाइपाला हात लावू नका. स्टेनलेस स्टीलची दुरुस्ती रिंग फ्लॅन्जच्या वर ठेवून, खाली सिलिकॉनची रेघ देऊन, जमिनीत स्क्रूने जखडली की काम भक्कम होतं. प्लॅस्टिकच्या फ्लॅन्जवरची धातूची रिंग गंजली असेल तर ती कापून काढून दोन अर्ध्या भागांत येणारी स्टीलची रिंग बसवता येते. लोखंडी फ्लॅन्जची एकच खाच तुटली असेल तर अर्धचंद्राकार पट्टी तिथे सरकवून बोल्टला नवी पकड देता येते. माझ्या मते घरच्या घरी करायच्या बहुतेक कामांत हेच पुरतं आणि पुष्कळ वर्षं टिकतं. स्क्रू फक्त फ्लॅन्जच्या प्लॅस्टिकमध्ये जाता कामा नयेत, ते खालच्या जमिनीत रुतलेच पाहिजेत.

पीव्हीसी फ्लॅन्ज पूर्ण बदलताना

इथे घाई करू नका. पाइप पांढरा असेल तर पीव्हीसी, काळा प्लॅस्टिकचा असेल तर एबीएस. ज्याचा पाइप त्याचाच फ्लॅन्ज आणि त्याचंच सिमेंट घ्या. हे बांधकामाचं सिमेंट नव्हे, प्लॅस्टिकचे पाइप चिकटवायचा द्रव. पीव्हीसीला आधी जांभळा प्रायमर, मग सिमेंट. एबीएसला फक्त एबीएस सिमेंट.

सगळं ठरतं ते पाइप तीन इंची आहे की चार इंची यावर, आणि फ्लॅन्ज पाइपाच्या बाहेरून बसलाय की आतून.

चार इंची पाइप आणि बाहेरून बसलेला फ्लॅन्ज हा सगळ्यात सोपा प्रकार. जुन्या फ्लॅन्जची कड जमिनीच्या पातळीत कापा, बाहेरची नळी तशीच राहू द्या आणि नवा, आत बसणारा फ्लॅन्ज पाइपात चिकटवा. चार इंची पाइपात फ्लॅन्ज आधीच आतून बसलेला असेल तर त्या आतल्या नळीला हॅकसॉच्या नुसत्या पात्याने उभ्या चिरा पाडा आणि छिन्नीने एकेक तुकडा आतल्या बाजूला सोडवा. पातं बाहेरच्या पाइपात रुतणार नाही एवढं सांभाळा.

तीन इंची पाइपावर बाहेरून बसलेला फ्लॅन्ज थोडा कटकटीचा. ड्रिलला लावायचं एक छोटं गोल पातं मिळतं, ते पाइपाच्या आतून फिरवून फ्लॅन्ज खालून कापता येतो. पण त्यात पाइप तेवढा आखूड होतो आणि नव्या फ्लॅन्जला धरायला काही उरत नाही. मग कपलिंग, म्हणजे दोन पाइप सांधणारा जोड, लावून पाइपाचा तुकडा जोडावा लागतो, त्यासाठी खाली जागा हवी. बेसमेंटचं छत उघडं असेल तर खालून हे काम आरामात होतं. तशी सोय नसेल तर कड आधी कापून टाका, बाहेरच्या नळीला उभ्या चिरा द्या आणि छिन्नीने ती सालीसारखी सोलून काढा, म्हणजे मूळ पाइप वाचतो. तीन इंची पाइपाच्या आत बसणारे फ्लॅन्जही दुकानात दिसतात. ते पाण्याची वाट अरुंद करतात, तुंबण्याचा धोका वाढतो, म्हणून नाइलाज असेल तरच ते घ्या.

चिकटवण्याआधी फ्लॅन्ज कोरडाच बसवून बघा. पूर्ण खाली जातो का, जमिनीवर सपाट टेकतो का? बोल्टच्या दोन खाचा भिंतीपासून सारख्या अंतरावर, कमोडच्या डाव्या-उजव्या बाजूला यायला हव्यात. पाइपाच्या मध्यापासून तयार भिंतीपर्यंत अंतर बहुतेक घरांत बारा इंच असतं. दिशा पक्की झाली की फ्लॅन्ज आणि जमीन दोन्हींवर पेन्सिलीने जुळती खूण करा. सिमेंट लावल्यावर हातात मोजके सेकंद असतात आणि वाकडा चिकटलेला फ्लॅन्ज सरळ होत नाही. मग खिडकी उघडा, पंखा लावा, आसपास ज्योत नको. दोन्ही बाजूंना प्रायमर, लगेच सिमेंट, थोडं फिरवत आत दाबून खुणेवर आणा आणि तीसेक सेकंद घट्ट धरून ठेवा. नाहीतर तो हळूच वर सरकतो. बोळा सिमेंट लावण्याआधी खाली ढकललेला असू द्या आणि दोरी मधोमध मोकळी असू द्या. ती चिकटली तर बोळा निघणार नाही.

सिमेंट धरल्यावर फ्लॅन्जच्या सगळ्या भोकांतून, किमान चार ठिकाणी, स्क्रू मारा. टाइल मधे असेल तर आधी टाइलच्या बिटने भोक पाडा आणि ड्रिलचा हातोडा मोड बंद ठेवा. टाइल पार झाली की मग लाकडाचा बिट.

लोखंडी पाइप, शिशाचा पाइप, काँक्रीट

जुन्या घरांत ओतीव लोखंडाचा पाइप असतो आणि फ्लॅन्ज शिसं ओतून पक्का केलेला असतो. शिसं ड्रिल करून फ्लॅन्ज सोडवता येतो, पण हातोड्याचा एक चुकीचा घाव पाइपाला उभा तडा देतो आणि मग काम भिंतीपर्यंत जातं. त्यापेक्षा रबरी गॅस्केटचा, आत घालून स्क्रूने फुगणारा फ्लॅन्ज बरा. शिसं हाताळलंच तर हातमोजे घाला आणि नंतर हात साबणाने धुवा. कमोडखाली मऊ, राखाडी, वाकवता येणारा शिशाचा पाइप दिसला तर काम थांबवून प्लंबरला बोलवा.

टेक्सास किंवा फ्लोरिडात तळमजला बहुधा काँक्रीटच्या स्लॅबवर असतो. तिथे काँक्रीटचे स्क्रू वापरा. त्यांच्या पाकिटावर लिहिलेल्या मापाचा बिट घ्या आणि भोकातली धूळ व्हॅक्यूमने ओढून मगच स्क्रू फिरवा. धूळ राहिली की स्क्रू अर्ध्यावर अडकून तुटतो. स्लॅब फोडायची वेळ येत असेल तर स्वतः हात घालू नका. टेक्सासातल्या अनेक घरांच्या स्लॅबमध्ये ताणलेल्या पोलादी तारा असतात आणि त्या तुटणं जिवावर बेतू शकतं.

कमोड पुन्हा बसवणं

बोल्ट खाचांत घाला आणि प्रत्येक बोल्टवर जास्तीचा एक वॉशर-नट लावून तो फ्लॅन्जलाच आवळा. या एका नटामुळे बोल्ट सरळ उभे राहतात आणि कमोड उतरवताना लवंडत नाहीत. आता मेण न लावता कमोड एकदा बसवून बघा. जिथे डुगडुगतो तिथे प्लॅस्टिकच्या पाचरी सारा आणि त्यांची जागा खुणेने लक्षात ठेवा. ही कोरडी चाचणी बरेच जण टाळतात आणि मेण बसल्यावर पाचरी घालायला जातात, तोवर सील हललेलं असतं.

कमोड उचला, बोळा काढा. हा बोळा पाइपातच विसरण्याचे प्रकार खरोखर होतात. मेणाची रिंग फ्लॅन्जवर मधोमध ठेवा. कुणाला तरी समोर बसवून बोल्टची भोकं दाखवायला सांगा आणि कमोड सरळ खाली उतरवा. मग त्यावर बसून अंगाचं वजन हळूहळू टाका. बूड जमिनीला टेकेपर्यंत डावी-उजवीकडे झुलू नका. एकदा टेकल्यावर कमोड पुन्हा उचलावा लागला तर ती रिंग बाद, नवी घ्या.

नट आलटून पालटून आवळा, एका बाजूला थोडं, दुसऱ्या बाजूला थोडं. कमोड हलायचा थांबला की थांबा. त्यानंतरचा प्रत्येक पाव फेरा चिनीमाती तडकवायला किंवा नवा फ्लॅन्ज फोडायला पुरेसा असतो. उरलेला बोल्ट कापा, पाचरींची बाहेर आलेली टोकं छाटा.

नवी नळी जोडा. जेट स्प्रेचा टी-व्हॉल्व्ह असेल तर त्याचे वॉशर याच वेळी बदला, त्यांची किंमत नगण्य आहे. कॉक उघडा, टाकी भरू द्या. पाच-सहा वेळा फ्लश करा आणि प्रत्येक वेळी बुडाभोवती कोरडा टिश्यू फिरवा. खाली बेसमेंट असेल तर तिथून टॉर्चने पाइपाचा सांधा बघा. एक-दोन दिवस वापर झाल्यावर नट पुन्हा तपासा. मेण बसतं आणि ते थोडे ढिले होतात.

सगळं कोरडं राहिलं की मगच बुडाभोवती सिलिकॉनची रेघ मारा. पुढून आणि दोन्ही बाजूंनी पूर्ण, पण मागच्या बाजूला दोनेक इंच जागा मोकळी सोडा. पुढे कधी सील तुटलंच तर पाणी त्या फटीतून बाहेर येईल आणि प्लायवूड कुजायच्या आत तुम्हाला दिसेल. तुमच्या भागातला निरीक्षक पूर्ण गोल सिलिकॉन मागत असेल तर मात्र तसं करा आणि मग महिन्यातून एकदा कमोडला दोन्ही हातांनी हलवून बघत जा.